ॲक्रन येथील एक घर

अमेरिकेचा प्रवास करून आलेले आपले लोक बहुधा नायगाऱ्याचा धबधबा, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती आणि फार तर वॉशिंग्टनचीं संग्रहालयें यांचें वर्णन लिहितात. आणि तीं वर्णनें वाचून वाचक इतके तृप्त झालेले आहेत कीं त्यांत आणखी भर घालण्याचें प्रयोजन दिसत नाहीं. नायगारा आम्हींही पाहिला. पाणी पुष्कळ आहे आणि तें उंचावरून पडतें. प्रस्तुत लेखांत मात्र आम्हीं एका अशा स्थळाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे कीं जेथें आपल्याकडील सहलीच्या मंडळ्या कोणास नेत नाहींत, आणि जेथें जाण्याची गरज ज्याच्या घराला पडते तें घर त्या गरजेविषयीं शेजाऱ्यापाशींही बोलत नाहीं.

हें स्थळ ओहायो संस्थानांतील ॲक्रन या शहरीं आहे. क्लीव्हलंडच्या दक्षिणेस सुमारें चाळीस मैलांवर हें शहर वसलें असून त्याची वस्ती दोन लक्षांस थोडी कमी आहे. एरी सरोवर आणि ओहायो नदी यांना जोडणारा जुना कालवा ज्या उंचवट्यावरून जात असे, त्या उंचवट्यावर हें गांव बसलें. म्हणून ‘उंच स्थान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें. संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास येथें ‘अग्र’ हा शब्द आठविल्यावांचून राहत नाहीं. परंतु भाषाशास्त्रज्ञ त्या ग्रीक शब्दाचें नातें ‘अश्रि’, म्हणजे धार किंवा कोपरा, या शब्दाशीं लावतात, आणि पुढें जें सांगावयाचें आहे तें पाहतां धारेचा अर्थच या गांवाला अधिक शोभतो. असो. एके काळीं हें गांव रबराची राजधानी म्हणून जगांत प्रसिद्ध होतें. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या टायर करणाऱ्या कंपन्या येथेंच वाढल्या. आतां बहुतेक कारखान्यांचीं धुराडीं थंड आहेत. परंतु रबराची विद्या विद्यापीठांत राहिली आहे, आणि तेथील पॉलिमर-शास्त्राच्या शाखेंत शिकण्यासाठीं आपल्याकडील मुलें कित्येक वर्षें जात आहेत.

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव असेच वीस वर्षांपूर्वीं तेथें गेले. पदवी मिळाली, नोकरी मिळाली, विवाह झाला, दोन मुलें झालीं. आमच्या अकरा माणसांच्या घरांत त्याचें नांव लहान मुलांपुढें उदाहरण म्हणून घेतलें जाई. १९२२ सालचा आमच्या आजोबांचा फोटो आणि त्याचा पदवीदानाचा फोटो एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं आहेत. अलीकडे मात्र घरांत त्याच्याविषयीं एक वाक्य वारंवार उच्चारलें जाऊं लागलें होतें, तें हें कीं, त्याची प्रकृति बरी नसते, त्याला पित्त होतें. या पित्ताचें खरें नांव सूनबाईनें २०२२ च्या दिवाळींत आमच्या कुटुंबास दूरध्वनीवरून सांगितलें. तो रोज पीत होता. पूर्वीं संध्याकाळीं पीत असे, आतां सकाळीं हात थरथरूं नये म्हणून पीत असे. बंधूंचें हृदय दुबळें आहे. त्यांस हें कसें सांगावें, या विचारांत हिंवाळा गेला, आणि शेवटीं असें ठरलें कीं, नातवंडांना पाहण्याच्या निमित्तानें आम्हीं उभयतांनीं जावें. २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही ॲक्रनला पोंचलों.

आम्ही जाण्याच्या सुमारें महिनाभर आधीं सूनबाईनें त्याला वैद्यांच्या देखरेखीखालीं दारू सोडण्यास इस्पितळांत ठेवलें होतें. येथें वाचकांस एक गोष्ट सांगून ठेवणें अवश्य आहे. पुष्कळ वर्षें रोज पिणाऱ्या मनुष्यानें रागाच्या किंवा पश्चात्तापाच्या भरांत एकाएकीं दारू तोडणें हें धोक्याचें असतें. अपस्मारासारखे झटके येतात, भ्रम होतो, क्वचित् प्राणावरही बेततें. देवापुढें शपथ घेववून खोलींत कोंडून ठेवण्याचा जो उपाय आपल्या घरांतून होतो तो करणाऱ्यांस ही गोष्ट ठाऊक नसते. तात्पर्य, शरीर दारूवांचून राहण्यास शिकविणें हें डॉक्टरांचें काम होतें आणि तें त्यांनीं चोख केलें. परंतु शरीर मोकळें झालें तरी मन दाराशीं उभें होतें. इस्पितळांतून निघतांना त्याला सांगण्यांत आलें होतें कीं, ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ नांवाच्या मंडळीच्या सभेला जात जा. या नांवाचा अर्थ ‘निनांवी मद्यपी’ असा होतो. तो एकदांही गेला नव्हता.

त्याचें म्हणणें असें कीं, त्या सभा चर्चमध्यें भरतात, आपण कशाला जावें? दुसरें म्हणणें, तेथें जे लोक येतात ते आपल्यासारखे नसतात. तिसरें म्हणणें तो बोलून दाखवीत नसे, परंतु सूनबाईस तें ठाऊक होतें: गांवांत आपले महाराष्ट्रीय लोक आहेत, त्यांपैकीं कोणी पाहिलें तर? या तिसऱ्या शंकेचें उत्तर आमच्या कुटुंबानें पहिल्याच आठवड्यांत दिलें. ती म्हणाली, “अरे, जो तुला तिथं पाहील, तोही तिथंच आलेला असेल ना?” यावर तो हंसला, आम्ही पोंचल्यानंतर प्रथमच.

सभा शोधणें मुळींच कठीण नाहीं. शहरांत या मंडळीची एक मध्यवर्ती कचेरी असून कोणत्या वारीं, किती वाजतां, कोठें सभा भरते याची यादी ती प्रसिद्ध करते. पहांटे, दुपारीं, रात्रीं, अशी दिवसाची बहुतेक प्रत्येक वेळ त्या यादींत आहे. अडचण आम्हांला आली ती निराळीच. आम्ही तिघे एका सायंकाळीं यादींतील जवळच्या ठिकाणीं गेलों. दाराशीं एका प्रौढ गृहस्थांनीं हंसून हस्तांदोलन केलें आणि विचारलें कीं, आपणां तिघांपैकीं दारू सोडण्याची इच्छा कोणाला आहे? सभा दोन प्रकारच्या असतात: एक ‘बंद’, जींत केवळ दारू सोडूं इच्छिणारेच बसतात, आणि दुसरी ‘खुली’, जींत त्यांचे आप्तेष्टही बसूं शकतात. आम्हीं यादींतील खूण पाहिली नव्हती आणि ही सभा बंद होती. पुतण्यानें एकट्यानें आंत जावें, आम्हांसाठीं बाहेर बाक आहे, असें त्या गृहस्थांनीं सुचविलें. तो आमच्याकडे वळून म्हणाला, “काका, चला,” आणि मोटारीकडे चालूं लागला. दार तीन पावलांवर होतें. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. आणि गॅरेजमधील दिवा फार वेळ जळत होता.

पुढें चार दिवस या विषयाचा उच्चार कोणी केला नाहीं. पांचव्या दिवशीं रविवार होता. जुन्या वास्तु पाहण्याचा आम्हांस छंद आहे हें त्याला लहानपणापासून ठाऊक. आमच्याबरोबर तो वाईचे घाट आणि सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ हिंडलेला आहे. तो होऊन म्हणाला, “काका, इथं एक जुनं घर आहे. पाहायला लोक लांबून येतात.” कसलें घर, हें त्यानें सांगितलें नाहीं. सूनबाई आंतून ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं, मात्र मुलांना तिनें घरींच ठेवून घेतलें.

घर ८५५, अर्डमोर ॲव्हेन्यू येथें आहे. रस्ता थोडा चढणीचा, दुतर्फा झाडें, आणि एकाला एक लागून मध्यम स्थितींतल्या लोकांचीं घरें. त्यांतलेंच हें एक दुमजली घर. तें सांपडण्यास पाटी वाचावी लागते. २०१२ सालीं अमेरिकन सरकारनें त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत गणना केली, परंतु पाहरेकरी नाहीं, तिकीट नाहीं. दार उघडून एका वृद्ध बाईंनीं आमचें स्वागत केलें, आणि तें असें कीं जणूं घरचेंच माणूस परगांवाहून परतलें आहे. स्वयंपाकघरांत कॉफी तयार होती. घराची देखभाल करणारे आणि तें दाखविणारे लोक स्वतः या मंडळीचेच सभासद असून वेतन न घेतां पाळीपाळीनें येतात.

हें घर डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शस्त्रवैद्याचें. ‘डॉक्टर बॉब’ म्हणून ते या मंडळींत ओळखले जातात. जन्म १८७९ सालचा, व्हर्मांट संस्थानांतला. विद्वान्, कुशल, आणि विद्यार्थिदशेपासून दारूच्या अधीन. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. परंतु डॉक्टर लोकांस औषधी उपयोगासाठीं मद्यार्क मिळे, त्यामुळें त्या कायद्यानें यांची तहान भागविण्याची सोयच झाली. आपल्याकडेही मुंबई इलाख्यांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला आणि त्याचें पुढें काय झालें तें आम्हीं लहानपणीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. कायदा पेला काढून घेऊं शकतो, तहान काढून घेऊं शकत नाहीं.

१९३५ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचा बिल विल्सन नांवाचा एक शेअरबाजारांतला दलाल ॲक्रनला आला. हाही दारूनें धुळीस मिळालेला. मात्र डिसेंबर १९३४ पासून त्यानें थेंब घेतला नव्हता. एका यंत्रांच्या कंपनीचा ताबा मिळविण्याच्या खटपटीसाठीं तो आला, खटपट फसली, आणि तो परगांवीं, खिशांत फारसे पैसे नसतां, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यांत एकटा उरला. दिवाणखान्याच्या एका टोंकाला मद्यशाळा होती. तेथून हंसण्याबोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोंकाला टेलिफोन होता आणि शेजारीं गांवांतील चर्चांची यादी लावलेली होती. तो मनुष्य टेलिफोनकडे गेला. एका पाद्रीसाहेबांना त्यानें विचारलें कीं, या गांवांत मला भेटेल असा कोणी दारुडा आहे काय?

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. त्याला दुसऱ्याचा उद्धार करावयाचा नव्हता. इतक्या महिन्यांत त्याला एवढेंच कळून चुकलें होतें कीं, दुसऱ्या पिणाऱ्याशीं बोलत असतांना आपण स्वतः पीत नाहीं. दुसऱ्याची त्याला गरज होती. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें सर्व या एका टेलिफोनांत आहे.

नांवांवरून नांवें काढीत तो हेन्रिएटा सायबरलिंग नांवाच्या बाईंपर्यंत पोंचला. गुडइयर कंपनी स्थापणाऱ्या सायबरलिंगसाहेबांच्या या सूनबाई. सासऱ्यांच्या ‘स्टॅन हायवेट’ नामक प्रासादाच्या फाटकापाशीं जें लहानसें घर आहे त्यांत त्या राहत. दुसऱ्या दिवशीं, १२ मे रोजीं, सायंकाळीं पांच वाजतां त्यांनीं आपल्या घरीं डॉक्टर बॉब यांस बोलावून घेतलें. डॉक्टरांनीं पत्नीस बजावलें होतें कीं, पंधरा मिनिटांवर आपण बसणार नाहीं. उपदेश ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. परंतु समोरच्या मनुष्यानें उपदेश केलाच नाहीं. तो आपलीच कथा सांगत बसला. डॉक्टर उठले तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तो प्रासाद आणि तें फाटकाचें घर आम्हीं पुढें एके दिवशीं पाहिलें. प्रासाद फारच भव्य आहे. लोक मात्र फोटो काढतात ते फाटकाच्या घराचे.

बिल विल्सन उन्हाळाभर अर्डमोर रस्त्यावरील या घरींच राहिला. आरंभ चांगला झाला तरी डॉक्टर एकदां पुन्हां घसरले. अटलांटिक सिटी येथें वैद्यपरिषदेस गेले आणि वाटेंतच पिऊं लागले. परत आल्यावर तीन दिवस बिल आणि डॉक्टरांची पत्नी ॲन यांनीं त्यांस सांवरलें, कारण पुढें एक शस्त्रक्रिया त्यांना करावयाची होती. त्या सकाळीं हात स्थिर राहावा म्हणून बिलनें स्वतः त्यांच्या हातीं बियरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया पार पडली, परंतु डॉक्टर कित्येक तास घरीं आले नाहींत, आणि घरच्या माणसांनीं काय समजावयाचें तें समजून घेतलें. ते आले ते शुद्धीवर होते. ज्यांचें ज्यांचें देणें चुकविलें होतें, ज्यांना ज्यांना टाळलें होतें, त्यांच्या त्यांच्या दारीं जाऊन ते आले होते. ती बियर त्यांची शेवटची. तो दिवस १० जून १९३५ हा धरतात, आणि तोच या मंडळीचा जन्मदिवस. त्याच महिन्यांत हे दोघे शहरांतील इस्पितळांत खाटेला बांधून ठेवलेल्या एका वकिलाकडे गेले, तो तिसरा. चार वर्षांनीं, १९३९ सालीं, त्यांच्या अनुभवांचें पुस्तक निघालें आणि पुस्तकाचेंच नांव मंडळीला पडलें.

माडीवरच्या खोल्या दाखवितांना त्या वृद्ध बाई ही कथा सांगत होत्या. आमचा पुतण्या खिडकीशीं पाठमोरा उभा होता. शेवटीं त्यानें एकच प्रश्न विचारला: “शस्त्रक्रिया करतांना त्यांचा हात थरथरला नाहीं?” बाई म्हणाल्या कीं, तें मला ठाऊक नाहीं, माझा स्वतःचा हात थांबण्यास मात्र इतके आठवडे लागले. हें त्यांनीं अशा सहजतेनें सांगितलें कीं जणूं गुडघेदुखीविषयीं बोलत आहेत. पुतण्यानें वळून प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलें. त्यानंतर स्वयंपाकघरांत ते दोघे अर्धा तास बोलत बसले. आम्ही उभयतां ओसरीवर होतों. काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं.

त्या आठवड्यांतच तो आम्हांला घेऊन एका खुल्या सभेस गेला. जागा चर्चच्या तळघराची. घडीच्या खुर्च्या, कॉफीचें मोठें भांडें, भिंतीवर लहान मुलांनीं काढलेलीं चित्रें. तीसएक माणसें असतील. जें तेथें ऐकलें तें तेथेंच ठेवावयाचें हा नियम आहे आणि तो आम्ही पाळणार आहों. रीत तेवढी सांगतों. बोलणारा आपलें पहिलें नांव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचें सांगतो. सर्वजण त्याच नांवानें त्याला उलट नमस्कार करतात. आडनांव नाहीं, हुद्दा नाहीं. ओहायोकडे एकच मनुष्य अर्धा-पाऊण तास आपली हकीकत सांगतो, त्याला ‘लीड’ म्हणतात. पूर्वीं काय होतें, मग काय घडलें, आतां कसें आहे, एवढाच क्रम. मध्यें कोणी तोंड घालीत नाहीं, शेवटीं कोणी सल्ला देत नाहीं. नव्या माणसास दूरध्वनीचे क्रमांक देतात आणि सांगतात कीं, पेला उचलण्याच्या आधीं फोन उचल. जन्मभराची शपथ कोणी घालीत नाहीं. आजचा दिवस प्यावयाची नाहीं, एवढेंच. संस्कृत नाटकें शिकवितांना करुण आणि हास्य हे रस एकत्र नांदत नाहींत असें आम्ही मुलांना सांगत असूं. येथें लोक ज्या प्रसंगांना हंसत होते ते प्रसंग ऐकून आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांना पाणी आलें होतें. हंसणाऱ्यांच्याही आलें होतें.

मधून एक टोपली फिरते. पाहुण्यानें तींत कांहीं घालावें अशी अपेक्षा नसते. सभासदांच्या नाण्यांवरच सर्व खर्च चालतो आणि बाहेरचें द्रव्य ही मंडळी घेतच नाहीं. १९३८ सालीं रॉकफेलरसाहेबांकडे हे लोक मोठ्या आशेनें गेले होते. त्यांनीं पांच हजार डॉलर दिले आणि अधिक देण्याचें नाकारलें, कारण पैसा ही गोष्ट बिघडवील असें त्यांचें मत पडलें. दानधर्माच्या इतिहासांत न दिलेल्या दानाचा इतका उपयोग क्वचितच झाला असेल.

शेवटीं सर्वांनीं हात धरून प्रार्थना म्हटली. ती ख्रिस्ती प्रार्थना होती. आम्हीं हात धरले आणि मनांत गायत्री म्हटली; आमच्या शेजारच्या गृहस्थास त्यापासून कांहीं त्रास झालेला दिसला नाहीं. या मंडळीच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो हें खरें. परंतु आरंभीच्या सभासदांत नास्तिकही होते, त्यांच्या आग्रहावरून ‘ज्याच्या त्याच्या समजुतीप्रमाणें’ या अर्थाचे शब्द त्याला जोडले गेले. इष्टदेवता ही कल्पना ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे त्यांना यांत अडखळण्यासारखें कांहीं नाहीं. तरीही ज्याला ईश्वर नकोच आहे अशा तरुणाची तेथें कुचंबणा होत असेल, असें आम्हांला वाटलें आणि अजूनही वाटतें.

मोटारींत बसल्यावर पुतण्या कांहीं वेळ गाडी सुरूच करीना. मग म्हणाला, “काका, त्या माणसाला मी गॅरेजमध्यें बाटल्या कुठं ठेवतों तें माहीत होतं.”

आपल्या पुराणांत या गोष्टीला आधार नाहीं असें नाहीं. सुरापान हें महापातकांत गणिलेलें आहे, एवढेंच आपण मुलांना सांगतों. परंतु ब्राह्मणानें सुरा पिऊं नये ही मर्यादा घातली कोणीं? आदिपर्वांत ती शुक्राचार्यांनीं घातली. दैत्यांनीं कचाला जाळून त्याची राख सुरेंत कालवून गुरूंना पाजली, आणि प्रिय शिष्य आपण पिऊन बसलों हें त्यांना नंतर कळलें. नियम घालणारा स्वतः पोळलेला होता. म्हणून त्याच्या नियमाला वजन आलें. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ त्यांच्या निधनानंतर १९१९ सालीं रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून सुधाकराच्या नांवानें आपल्या तीन पिढ्या रडल्या आहेत. त्या नाटकांत पिणाऱ्यांचें एक मंडळ आहे, तळीरामाचें आर्यमदिरामंडळ. सुधाकर दारू सोडतो त्या दिवसांत त्याच्यापाशीं बसावयास मात्र कोणतेंच मंडळ नाहीं. घरांत साध्वी पत्नी आहे, सज्जन स्नेही आहे, उपदेश पाहिजे तितका आहे. पूर्वीं स्वतः प्यालेला आणि आतां न पिणारा असा एकही मनुष्य साऱ्या नाटकांत त्याला भेटत नाहीं.

पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठींही निराळ्या सभा असतात. बिल विल्सनच्या पत्नी लुइस यांनीं १९५१ सालीं एका मैत्रिणीबरोबर ‘अल-अनॉन’ या नांवानें त्या सुरू केल्या. सूनबाई आणि आमचें कुटुंब दर गुरुवारीं तेथें जाऊं लागलीं. कुटुंबास इंग्रजी बेताचें येतें; तरी परत आल्यावर ती म्हणाली कीं, तिथल्या बायका आपल्याच गोष्टी बोलतात, बाटल्या मोजतात, कचेरींत खोटे निरोप देतात. त्या दिवसापासून सूनबाईनें त्याच्या कचेरींत ‘बरें नाहीं’ म्हणून कळविण्याचें बंद केलें, आणि गॅरेजची झडती घेण्याचेंही. हें दुसरें तिला अधिक कठीण गेलें.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत या मंडळीचा वार्षिक उत्सव विद्यापीठाच्या आवारांत भरतो. हजारों लोक येतात. रविवारीं सकाळीं मोटारसायकलींची एक लांबच लांब मिरवणूक डॉक्टर बॉब यांच्या समाधीकडे जाते. ते १९५० च्या नोव्हेंबरांत वारले, पत्नी आदल्या वर्षीं गेली. दाढीवाले, गोंदलेले, कातडी जाकिटें घातलेले दांडगे लोक यंत्रें बंद करून निमूट उभे राहतात, आणि कित्येकजण आपले बिल्ले, म्हणजे अमुक महिने, अमुक वर्षें प्यालों नाहीं याची खूण म्हणून मिळालेलीं नाणीं, दगडावर ठेवून जातात. आषाढीची वारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांना ही गर्दी अपरिचित वाटणार नाहीं. आवाज मात्र फार मोठा.

या सर्वाचा उपयोग होतो कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांनीं परत आल्यावर विचारला आणि उत्तरही त्यांनींच काढून दाखविलें. कॉक्रेन नांवाची जी संस्था वैद्यकीय संशोधनाची छाननी करते, तिनें २०२० सालीं २७ अभ्यासांचा, त्यांतील १०,५६५ माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. दारू अजिबात सोडण्याच्या बाबतींत ही पद्धति इतर मान्य उपचारांच्या बरोबरीची, आणि कित्येक अभ्यासांत त्यांहून सरस ठरली. सर्वांनाच ती लागू पडते असें नव्हे. आमच्या पुतण्याला ती एकदम लागू पडली असेंही नव्हे. जुलैच्या मध्यावर तो एका रात्रीं प्याला. दुसऱ्या दिवशीं सभेंत जाऊन त्यानें तें सांगितलें आणि पहिल्या दिवसाचा बिल्ला पुन्हां घेतला. कोणी रागें भरलें नाहीं. घरीं असें झालें असतें तर काय झालें असतें याची कल्पना वाचकांनीं आपापल्या घरावरून करावी.

यासाठीं ॲक्रनला जावें लागत नाहीं. आपल्या देशांत ही मंडळी १९५७ पासून आहे. महाराष्ट्रांतील शहरांतून तिच्या सभा मराठींतही भरतात आणि तेथेंही फी नाहीं. पुण्यास येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनीं पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें १९८६ सालीं ‘मुक्तांगण’ स्थापिलें, हें बहुतेकांस ठाऊक असेल. त्या दोघांच्या मागें तें काम चालू आहे. आम्ही पुण्याच्या एका खुल्या मराठी सभेस पाहुणे म्हणून बसून आलों. कॉफीच्या जागीं चहा होता. नांव सांगितल्यावर सर्वजण त्याच सुरांत उलट नमस्कार करीत होते. एका काकांनीं आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून अतिशय आदरानें विचारलें, “आपले किती दिवस झाले?” आम्हीं सांगितलें कीं, आम्ही पुतण्यासाठीं आलों आहों. ते म्हणाले, “बरं केलंत,” आणि खुर्ची पुढें सरकविली.

थोरल्या बंधूंना हें सर्व आम्हीं नव्हे, त्यानेंच सांगितलें. पत्रानें, सहा पानें, हातानें लिहून. बंधूंनीं तें दोनदां वाचलें आणि देवघरांत नेऊन ठेवलें. त्यांचें हृदय दुबळें आहे असें आम्ही सर्व समजत होतों. नांव न घालतां हा लेख छापण्यास पितापुत्र दोघांचीही संमति आहे; मुलानें तर असें कळविलें कीं, नांव नसणें हीच आमच्यांतली रीत आहे.

ऑगस्टमध्यें आम्ही निघालों तेव्हां तो आम्हांला क्लीव्हलंडच्या विमानतळावर पोंचवावयास आला. विमानास तीन तास अवकाश होता. सामान उतरवून दिल्यावर तो घड्याळाकडे पाहूं लागला. म्हणाला, “काका, रागावूं नका, मी थांबत नाहीं. सहाची सभा आहे, आणि आज कॉफी करण्याची पाळी माझी आहे.”